भाऊसाहेबांची त्रुटीपत्रे

यंत्र क्रमांक तीनचा पंचनामा मंगळवारी सकाळी साडेदहाला झाला. पंच म्हणून दोन इसम हजर होते. एक समोरच्या टपरीचा चहावाला, दुसरा क्लासचा शिपाई. दोघांनाही संगणक चालवता येत नव्हता. भाऊसाहेबांच्या मते पंच होण्यासाठी हीच पात्रता पुरेशी होती.

पंचनाम्यातली नोंद अशी: यंत्र पूर्वाभिमुख. पडदा काळा, त्यावर डावीकडे एक पांढरी चौकट लुकलुकत असलेली. कळफलक शाबूत. बाहेरून इजा नाही. आदेश दिल्यास यंत्र उत्तर देते. परंतु कोणताही आदेश दिला तरी 'अशी फाइल अस्तित्वात नाही' हे एकच उत्तर देते.

"हे तर तुमच्या कचेरीवानीच की, भाऊसाहेब," चहावाला म्हणाला.

"पंचानं मत द्यायचं नसतं. दिसलं तेवढं सांगा."

"मेलंय का जित्तं, ते तरी सांगा."

"तुम्हाला काय दिसतं?"

"दिसायला जित्तं दिसून राहिलं."

"मग तसं लिहितो," म्हणून भाऊसाहेबांनी 'सकृद्दर्शनी जिवंत' असे लिहिले आणि सह्या घेतल्या.

झाले असे होते की, एका विद्यार्थ्याला नवा प्रोग्राम टाकायचा होता आणि जुनी ग्लिबसी आडवी येत होती. ग्लिबसी ही लिनक्समधली पायाची लायब्ररी. बाकीचे जवळजवळ सगळे प्रोग्राम तिच्यावर उभे असतात. यंत्र ती काढू देत नव्हते. विद्यार्थ्याने आदेशाच्या शेवटी 'कशाला काय लागते ते तपासू नको' या अर्थाचा एक शब्द जोडला. यंत्राने तपासले नाही. लायब्ररी गेली आणि तिच्यावरचे सगळे कोसळले.

त्या शब्दाला भाऊसाहेब 'वशिला' म्हणत. खोलीच्या दारावर त्यांच्या अक्षरात पाटी होती: 'येथे वशिला चालणार नाही.' ती कशाबद्दल आहे हे पालकांना कळत नसे. प्रवेशाबद्दल असावी असे समजून ते क्लासला मान देत.

हा काळ लातूरमध्ये भूकंपानंतर काही वर्षांचा. शहरात क्लास उगवत होते. पहाटे पाचला सायकलींची रांग लागे, मेसच्या पाट्या गल्लीबोळांत लागल्या होत्या, आणि चौकातल्या फलकांवर गुणवंतांचे फोटो नेत्यांच्या फोटोंपेक्षा मोठे झाले होते. एका क्लासच्या मालकांनी प्रतिष्ठेसाठी आठ संगणकांची खोली केली. शिकवायला ठेवलेला माणूस चार महिन्यांत पुण्याला गेला. मालकांना कुणीतरी सांगितले की बिनपरवान्याचे सॉफ्टवेअर धाडीत सापडते, लिनक्स मात्र फुकट असते. मालकांनी एकच प्रश्न विचारला.

"कायद्यानं फुकट?"

"हाव."

"मग आठीच्या आठी यंत्रावर तेच टाका."

टाकायला माणूस नव्हता. विद्यार्थ्यांची हजेरी मांडायला एक निवृत्त अव्वल कारकून नुकताच ठेवला होता. त्याला इंग्रजी टंकलेखन येत होते. तेच भाऊसाहेब. तहसील कचेरीत लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, म्हणून क्लासमध्येही तेच नाव राहिले. कोणत्या तालुक्याची कचेरी, ते इथे लिहायचे कारण नाही.

मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकात उमेदवारी करत होतो. संपादकांनी संगणक शिकायला या खोलीत पाठवले होते. आम्ही बाराजण होतो. भाऊसाहेब पुस्तकात आमच्यापेक्षा एका प्रकरणाने पुढे असत. हे ते पहिल्या दिवशीच सांगत.

त्यांच्या काही सवयी नोंदवण्यासारख्या होत्या. चपला दाराबाहेर. यंत्र सुरू होताना ते उभे राहत. पडद्यावरच्या ओळी सरकायच्या थांबल्या की मगच बसत. साहेब खोलीत येत असताना कारकून बसत नाही, एवढेच त्याचे कारण होते. माउसला ते हात लावत नसत.

"बोट दाखवून काम सांगणं बरं दिसत न्हाई," ते म्हणत. "लेखी सांगावं. उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं."

लिनक्सची भाषा त्यांनी कचेरीच्या भाषेत उतरवून घेतली होती. पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचे बांधून आलेले गाठोडे, हे प्रकरण. ते टाकायचे तर विद्यार्थ्याने आधी दरखास्त लिहायची: विषय, यंत्र क्रमांक, प्रयोजन. मग भाऊसाहेब आदेश टंकित करत. पहिल्या झटक्यात काही बसत नसे. 'अमुक प्रोग्रामला तमुक लायब्ररी लागते' असा नकार यायचा. आम्ही वैतागायचो. भाऊसाहेबांचा चेहरा मात्र खुलायचा. ते तो नकार मराठीत उतरवून घेत, खाली 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा' असे लिहीत आणि तो कागद टेबलावरच्या तारेत ओवत. एका साध्या बुद्धिबळाच्या खेळाची अशी चौदा त्रुटीपत्रे झाली. त्यांनी त्या खेळाची वंशावळही काढली, जमिनीच्या वाटपात काढतात तशी, मूळ पुरुषापासून. ती बोर्डावर मावली नाही, म्हणून भिंतीवर उतरली.

एकदा आमच्यातल्या एकाने विचारले, "भाऊसाहेब, याचा तुम्हाला कंटाळा कामून येत न्हाई?"

"छत्तीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "कोणता कागद कमी हाय ते टेबलावरच्या माणसानं पहिल्या खेपेला सांगितलं, असं मी एकदा बघितलं न्हाई. हे यंत्र सांगतं. समदे एकदम सांगत न्हाई, हे खरं. पर खोटं सांगत न्हाई."

नांदेडचे प्रकरण याच काळातले. लिनक्सचा संच तीन सीडी-तबकड्यांचा होता. आमच्याकडे दोनच आल्या होत्या. तिसरी नांदेडच्या एका दुकानदाराकडे आहे असे कळले. भाऊसाहेबांनी त्याला 'महोदय' असे सुरू होणारे पत्र टपालाने पाठवले. अकराव्या दिवशी उत्तर आले: तबकडी आहे, नक्कल करून नेता येईल, येताना तुमची पहिली तबकडी आणावी, आमची सापडत नाही.

भाऊसाहेब पहिली तबकडी धोतराच्या पानात गुंडाळून एसटीने गेले. तिथे कळले की नक्कल करायच्या प्रोग्रामला एक पॅकेज लागते आणि ते दुसऱ्या तबकडीवर असते. दुसरी लातूरला होती. ते परत आले. दुसऱ्या खेपेला दोन्ही नेल्या, तर दुकानदाराकडे कोरी तबकडी नव्हती. नक्कल मिळाली ती तिसऱ्या खेपेला. त्या खेपेला जाताना अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टरने त्यांना ओळखले.

"काय भाऊसाहेब, मुलीचं जमवून राहिलात का नांदेडला?"

"न्हाई. कागद कमी पडून राहिले."

"मंग कचेरीचंच काम," कंडक्टर म्हणाला आणि त्यांना खिडकीची जागा दिली.

आता शिंप्याबद्दल.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संगणकाच्या खोलीत एक शिंपी येई. वय साठीकडे झुकलेले, गळ्यात टेप. त्याचे गाव भूकंपात गेले होते. पुनर्वसनात सगळ्या गावाला घरे मिळाली, त्यालाही एक नेमून दिले गेले. घर बांधून तयार होते. त्याला कुलूप होते आणि किल्ली कचेरीत होती. घराचा ताबा द्यायचा तर नव्या गावच्या पत्त्याची शिधापत्रिका लागे. नव्या पत्त्याची शिधापत्रिका द्यायची तर घराचे ताबापत्र लागे. इतरांच्या जुन्या शिधापत्रिका होत्या, त्यांची फक्त बदली झाली. याची ढिगाऱ्यात गेली होती, आणि तिची नोंद ज्या वहीत होती ती वहीही. सहा वर्षे तो घरापासून दोनशे पावलांवर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता.

त्याच्या पिशवीत एक कागद असे. तो त्याने प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतला होता. 'सोबत शिधापत्रिकेची प्रत जोडलेली नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावा.' खाली आद्याक्षरांची सही. ती भाऊसाहेबांची होती. पुनर्वसनाच्या टेबलावर तेव्हा तेच बसत.

"अक्षर लई देखणं हाय तुमचं," शिंपी दर वेळी म्हणे. "फेकवत न्हाई बगा."

यात टोमणा होता की नव्हता, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. भाऊसाहेब त्याला खुर्ची देत, चहा मागवत, आणि तो लॅमिनेट केलेला कागद पुन्हा वाचत.

"नियमानं बरोबर लिवलंय," ते म्हणत.

"मी कुठं चूक म्हणून राहिलो?" शिंपी म्हणे.

मधल्या काळात त्याने त्या घराच्या खिडक्यांचे पडदे शिवून ठेवले होते. कुलूप असल्याने माप बाहेरून घेतले होते.

एका सोमवारी तो नोटीस घेऊन आला. ताबा न घेतलेली घरे महिनाअखेर परत घेऊन शाळेच्या गोदामाला दिली जातील, असे तिच्यात होते. सव्वीस दिवस उरले होते.

"आता काय करायचं, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी नोटीस दोनदा वाचली. चहा मागवायला ते विसरले. शिंपी गेल्यावर ते अर्धा तास यंत्र क्रमांक पाचसमोर उभे होते. यंत्र बंद होते.

त्याच आठवड्यात मालकांना लिनक्सवरून गुणवत्ता यादी छापून हवी झाली. छपाईसाठी दोन पॅकेज होती. एक मुख्य प्रोग्राम, दुसरे त्याच्या मांडणीचे. भाऊसाहेबांनी पहिले दाखल केले. नकार आला: याला दुसरे लागते. दुसरे दाखल केले. नकार: याला पहिले लागते. त्यांनी दोन्ही त्रुटीपत्रे लिहिली, तारेत ओवली आणि थांबले. मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

"हे प्रकरण मला ठाऊक हाय," ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे खोलीत दुसरे काम झाले नाही. ते रोज सकाळी पहिले दाखल करत आणि दुपारी दुसरे. क्रम बदलून पाहिला. यंत्र क्रमांक तीन सोडून बाकी सगळ्या यंत्रांवर पाहिला. आमच्यातली रेणापूरची एक मुलगी म्हणाली, "भाऊसाहेब, एकदा वशिला लावून बगू. हे काय ग्लिबसी न्हाई, छपाईच तर हाय."

"न्हाई."

"मालक वरडून राहिलेत."

"वरडू द्या. पाया न बघता बांधलेलं काय होतं ते मी मोजलंय, बाई. माझ्या टेबलावरून गेल्यात त्या भूकंपातल्या याद्या."

त्यानंतर तिने वशिल्याचे नाव काढले नाही.

उकल झाली ती चुकीने. कचेरीच्या पत्रात एका विषयाची दोन पत्रे असली की संदर्भाच्या ओळीत दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी लिहायची पद्धत असते. भाऊसाहेबांचा हात त्या वळणाचा. एका दुपारी ते यंत्र क्रमांक पाचवर आदेश टंकित करत होते. मालक दारात येऊन यादीचे काय झाले म्हणून ओरडत होते. हात आपल्या सवयीने गेला आणि एकाच ओळीत त्यांनी पहिल्या पॅकेजचे नाव लिहून पुढे दुसऱ्याचेही लिहिले. एंटर दाबल्यावर चूक त्यांच्या लक्षात आली.

यंत्राने दोन्ही नावे वाचली. पहिल्याला दुसरे लागत होते, ते त्याच ओळीत होते. दुसऱ्याला पहिले लागत होते, तेही होते. दोन्ही एकदम बसली.

भाऊसाहेबांना प्रथम यंत्राचा संशय आला. त्यांनी दोन्ही पॅकेज काढली, पुन्हा टाकली. पुन्हा बसली. शेजारच्या यंत्रावर पाहिले. तिसऱ्या खेपेनंतर ते खुर्चीवर बसून राहिले. मालक म्हणाले, "झालं ना? मग छापा की."

"उद्या रजा पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले.

महिना संपायला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी ते, शिंपी आणि मी एसटीने तालुक्याला गेलो. बातमी होईल म्हणून मला संपादकांनी पाठवले होते.

कचेरीत पुनर्वसनाचे टेबल एका खोलीत, शिधापत्रिका देणाऱ्या पुरवठ्याचे शेजारच्या. मध्ये भिंत. पुनर्वसनाच्या कारकुनाने भाऊसाहेबांना नमस्कार केला, कारण त्याला त्यांनीच शिकवले होते, आणि तो म्हणाला, "शिधापत्रिका आणा, आत्ता ताबा देतो." पुरवठ्याचा म्हणाला, "ताबापत्र आणा, आत्ता पत्रिका देतो." दोघेही नियमाने बरोबर होते. दोघांनीही चहा पाजला.

भाऊसाहेबांनी वाद घातला नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी दोन मसुदे लिहिले. ताबापत्राच्या मसुद्यात शिधापत्रिकेच्या आदेशाचा जावक क्रमांक लागत होता. शिधापत्रिकेच्या आदेशात ताबापत्राचा. जावक क्रमांक म्हणजे कचेरीतून बाहेर पडणाऱ्या कागदाला मिळणारा नंबर. तो सही झाल्यावर मिळतो. ते जावक लिपिकाकडे गेले.

"सही नसताना नंबर देता येत न्हाई, भाऊसाहेब. तुम्हीच शिकवलंय."

"मागतो कोण? वही दाखवा. शेवटचा नंबर कोणता?"

लिपिकाने वही फिरवली. पुढचे दोन क्रमांक कोणते असणार हे उघड होते, फक्त मध्ये दुसरा कोणता कागद यायला नको होता. त्यांनी ते दोन क्रमांक मसुद्यांत घातले. तेवढ्यात साहेबांच्या दालनातून शिपाई सही झालेल्या फायलींचा गठ्ठा घेऊन जावककडे निघाला. त्या फायली आधी पोहोचल्या असत्या तर दोन्ही मसुदे खोटे ठरले असते.

भाऊसाहेबांनी शिंप्याकडे पाहिले. शिंप्याने गळ्यातला टेप काढला आणि दारातच शिपायाला अडवले.

"थांबा मामा. सदरा कुणी शिवलाय हा? खांदा बगा की कुठं उतरलाय."

"असं? बायकोबी तेच म्हणते."

"हात वर करा. गठ्ठा ठेवा तिकडं. असं. हलू नका आता."

शिपायाचे माप पुढे पस्तीस मिनिटे चालले. मी घड्याळात पाहिले होते.

तहसीलदार तरुण होते, दोनच महिन्यांपूर्वी रुजू झालेले. त्यांनी दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले.

"हा त्याचा आधार घेतो आणि तो ह्याचा. मी आधी सही कशावर करू?"

"तेच विचारायचं न्हाई, साहेब. सहा वर्षं समद्यांनी तेच विचारलं. मी बी विचारलं. दोन्ही एकदम करा."

"दोन हातांनी?"

"एका हातानं. फक्त मधी उठू नका."

"नियमात बसतं का हे?"

"बसलं, साहेब. कालच बसलं."

"कुठं?"

"यंत्र क्रमांक पाचवर."

तहसीलदारांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी वहीत लिहीत होतो. त्यांनी शासन निर्णयांची फाइल मागवली आणि ती पहिल्या पानापासून वाचली. बाहेर शिंपी शिपायाची कॉलर दुसऱ्यांदा मोजत असल्याचे ऐकू येत होते. दोन्ही कागद लागतात, असे फायलीत होते. आधी कोणता, हे कुठेही नव्हते. त्यांनी पेनाचे टोपण काढले. दोन्ही सह्या एका दमात झाल्या.

जावक लिपिकाने दोन कागदांना दोन क्रमांक दिले. ते मसुद्यात होते तेच निघाले. शिंप्याने टेप गुंडाळला. शिपायाने सदरा कधी मिळेल ते विचारून गठ्ठा उचलला.

त्याच दुपारी कुलूप उघडले. ते गंजले होते. तेल घालावे लागले. घरात दोन खोल्या, कोपऱ्यात पालीची अंडी, सिमेंटचा वास अजून शिल्लक. शिंपी आधी आत गेला नाही. शेडमधून पडद्यांची पिशवी घेऊन आला, मगच उंबरा ओलांडला. भाऊसाहेब बाहेर उभे होते. त्याने "या की" म्हटल्यावर आत आले.

पडदे निळ्या चौकड्यांचे होते. शिंप्याने दोरी बांधली, पडदे ओवले आणि मागे सरकून पाहिले. माप बाहेरून घेतलेले. आतून खिडकीची चौकट खाली जास्त उतरलेली होती. चारही पडदे वीतभर तोकडे पडले. खालून ऊन सरळ आत येत होते.

भाऊसाहेबांनी खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि पडद्याकडे बोट केले.

"त्रुटी हाय," ते म्हणाले.

"हाय," शिंपी म्हणाला. "बसा की जरा."

भाऊसाहेबांनी पेनाचे टोपण लावले, ते खिशात ठेवले आणि फरशीवर त्या उन्हात बसले.